हॉर्मोनच्या गोळ्या बंद केल्यावर घाम आणि जागरण परत सुरू झालं. म्हणजे गोळ्यांची सवय लागली होती का? हे किती दिवस चालणार?

ताई, तुम्ही लिहिलंय की चार वर्षं एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावर देतात त्या हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्यात, शिमगा झाल्यावर एका दिवसात बंद केल्यात, आणि आता रात्री घामाने उशी भिजते, बोटांचे सांधे दुखतात, वजन वाढतंय. वर सासूबाई म्हणतात, सवय लागली होती तुला. वजनाचं वगैरे मागाहून बघू. आधी त्या सवयीचा निकाल लावते, कारण हेच वाक्य मी भर चवथीत घरभर माणसांसमोर ऐकून घेतलंय.

व्यसनात जे असतं त्यातलं या गोळीत काही नाही. तिची तलफ येत नाही, दर वर्षी डोस वाढवत न्यावा लागत नाही. अंडाशयांनी इस्ट्रोजेन हे हॉर्मोन करणं थांबवलं की मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाचं बिनसतं. अंग जरासं तापलं तरी तो रक्तवाहिन्या सताड उघडतो आणि घाम सोडतो. बाहेरून इस्ट्रोजेन मिळालं की तो गप्प बसतो, काढून घेतलं की पुन्हा सुरू. एचआरटी बंद करणाऱ्या साधारण निम्म्या बायकांना हे कमीअधिक होतंच. तुमचा मूळचाच त्रास आहे हा, मधली चार वर्षं दबून होता.

माझी पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. मी शाळेत गणित शिकवायचे. दहावीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना मानेवरचा घाम ब्लाउजात उतरायचा आणि मागे पोरं कुजबुजायची. गोळ्या सुरू झाल्या आणि मी माणसात आले. पाच वर्षं झाल्यावर पणजीतल्या एका डॉक्टरांनी फाईल चाळली, "पाच वर्षं झाली ना, बास आता," म्हणाले आणि पुढची चिठ्ठीच लिहिली नाही. बंद केल्यावर काय होऊ शकतं याबद्दल चकार शब्द नाही. त्यानंतर आली चवथ.

आमचं मूळ घर गोव्यातल्या साखळी गावाकडे. चवथीच्या तोंडावर सगळ्या सुना नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसतात. थोरल्या जाऊबाई मुरड घालतात, तळणीला मी, कारण माझ्या हातची नेवरी कढईत फुटत नाही. (उगाच नम्रपणा कशाला दाखवू?) चूल लाकडांची, बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या लावलेल्या. कढईत पाच-सहा नेवऱ्या सोडायच्या आणि झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं. ते करत असतानाच छातीतून वाफ वर आली. आधी कान तापले, मग टाळू, मग घाम असा फुटला की हनुवटीवरचा थेंब तेलात पडून तडतडला. झारा तसाच टाकून मी मागल्या दाराने विहिरीवर गेले आणि पदर भिजवून मानेवर धरला. परत आले तर तो घाणा करपलेला, आणि जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, "संवय जाली तुका गुळयांची. आमच्या वेळार खंय आशिल्ल्यो गुळयो?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "बाय, चष्मा काढून ठेवा आणि आता मुरड घाला बघू. नाही जमली तर चष्म्याची सवय लागली म्हणायचं का तुम्हाला?" गणपती पोचवून होईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या वेळी त्यांनी काय सोसलं ते मला माहीत आहे. दुपारी चार वाजता न्हाणीत शिरून डोक्यावर थंड पाणी ओतून घ्यायच्या, आणि घरचे म्हणायचे की बाईचं डोकं फिरलंय. तरी त्यांना वाटतं की सोसलं ते थोर. मला नाही वाटत. त्यांना त्यात काय मिळालं, विचारा.

तेवढ्यात मुंबईचे भावजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, मोबाईल घेऊन आत आले. "वहिनी, त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. अमेरिकेत सिद्ध झालंय." तेव्हा तळण हातात होतं म्हणून गप्प बसले. आज बसणार नाही.

त्या अभ्यासाचं नाव विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र देण्याचा त्यातला भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवला. स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, ही बातमी जगभर झाली आणि बायकांनी घाबरून गोळ्या फेकल्या. आता आकडे मांडा. नकली गोळी घेणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३०, खरी घेणाऱ्यांत ३८. म्हणजे ८ जास्त. टक्केवारी सांगायची आणि ती कशाची ते सांगायचं नाही, असं माझ्या वर्गात कोणी केलं असतं तर मी अर्धे मार्क कापले असते. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी गेल्या गेल्या गोळी सुरू करणाऱ्या पन्नाशीच्या बाईला तो हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही. आणि गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. धोका शून्य असं मी म्हणत नाही, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही त्यात वाढल्या होत्या. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्याच एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने या औषधांवरचा चौकटीतला कडक इशारा काढून टाकायचं जाहीर केलं. भावजी, हा फॉरवर्ड आला का तुमच्या ग्रुपवर?

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

मी नंतर म्हापशाच्या एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि दिवाळी झाल्यावर, हवा जरा उतरल्यावर, हळूहळू कमी करायला लावली. दोन मिलिग्रॅमची एक, मग एकाच मिलिग्रॅमची, मग एक दिवसाआड. प्रत्येक पायरीवर दीड-दोन महिने. खरं सांगायचं तर एकदम बंद करा नाहीतर हळूहळू, लांब पल्ल्यात फरक पडत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा २०१५ चा सल्लाही हेच सांगतो. हळूहळू सोडल्याने सुरुवातीचे महिने तेवढे सुसह्य होतात. म्हणजे तुम्ही एकदम सोडलीत म्हणून काही कायमचं बिघडलेलं नाही. पण शिमग्यानंतर? गोव्यात? चैत्र-वैशाखात इथे निरोगी माणसाच्या अंगावरचा घाम वाळत नाही. त्या दिवसांत गोळी सोडायला सांगणाऱ्याने स्वतः एकदा बिनपंख्याच्या खोलीत झोपून बघावं.

किती दिवस चालणार याचं एक उत्तर नाही. बऱ्याच जणींचं काही महिन्यांत निवळतं, काहींचं लांबतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्वान अभ्यासात वारंवार फ्लश, म्हणजे अशा वाफा, येणाऱ्या बायकांच्या या सगळ्या काळाचा मध्यक ७.४ वर्षं निघाला, म्हणजे निम्म्या जणींचा त्याहून लांबला. तेव्हा पावसाळा निम्मा जाईपर्यंत बघा, आणि तेव्हाही झोप मिळत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की कमी डोसवर परत घेता येईल का. गोळीऐवजी कातडीवर लावायचं जेल असतं, त्याने गुठळ्यांचा धोका गोळीइतका वाढत नाही. हॉर्मोन नकोच असतील तर व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन देतात. व्हेन्लाफॅक्सिन डिप्रेशनचं औषध आहे म्हणून दचकू नका, आणि घरात दाखवतही बसू नका, नाहीतर सासूबाईंना नवा विषय मिळेल. कोकम सरबत प्या, पण तहानेसाठी. माझा एकही फ्लश त्याने थांबला नाही. रात्री वाइन घेत असाल तर महिनाभर सोडून बघा.

वजन गोळी सोडल्याने वाढत नाही, वयाने वाढतं. माझंही वाढलं.

तुम्ही विचारलं नाहीत, बायका विचारत नाहीत, पण सांगते. घाम कधीतरी थांबतो. खालचा कोरडेपणा, जळजळ, सारखी होणारी लघवीची जळजळ, हे आपोआप जात नाही, वाढतच जातं. त्यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. लाज बाजूला ठेवून मागा. आणि गोळी थांबली की हाडांची झीज पुन्हा वेग धरते, तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन एकदा करून घ्या.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. उरलेल्या गोळ्या काढून स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन चालू असेपर्यंत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन लागतंच, कमी करतानासुद्धा, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. स्तनाचा कॅन्सर किंवा पायात गुठळी होऊन गेली असेल तर माझं वरचं हॉर्मोनपुराण तुमच्यासाठी नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठीचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन (हेही डिप्रेशनचं औषध, फ्लशवर देतात) घेऊ नका, ते टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं. गोळी थांबवल्यावर लगेच एकदा थोडं अंगावर जाऊ शकतं, पण त्यानंतर कधीही रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. थायरॉइडही तपासा, घाम आणि धडधड त्यानेही होते. आणि बोटांचे सांधे सुजत असतील, सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. सगळंच पाळीच्या माथी मारू नका.