मेनूत चौदा नावं, तरी गिऱ्हाईक फोनच करतं

प्रश्न : रविवार पेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. वेबसाइटवर ‘आमच्या सेवा’मध्ये ‘देखभाल’ या पानावर कल्हईची सगळी माहिती आहे. तरी ‘कल्हई करून देता का?’ म्हणून रोज फोन येतात. मेनूतली चौदा नावं सातवर आणली तर फरक पडेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आकड्यापेक्षा आधी नावं बदला. कल्हई शोधणारा माणूस ‘देखभाल’वर बोट ठेवणार नाही. मेनूतच ‘कल्हई आणि दुरुस्ती’ लिहा. सातचा आकडा मनावर घेऊ नका. तो येतो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या ‘सात, दोन कमी-जास्त’ या निबंधातून; तो निबंध स्मरणशक्तीच्या मर्यादेवर होता, आणि मेनू काही पाठ करायचा नसतो, तो समोर दिसतो.

मात्र चौदा नावांची नीट वर्गवारी हवीच, आणि ती गिऱ्हाइकांकडून करून घ्या. तीस-चाळीस कागदी कार्डांवर एकेका पानाचं किंवा वस्तूचं नाव लिहा. पंधराएक गिऱ्हाइकांना, एका वेळी एकालाच, गठ्ठे लावू द्या. गठ्ठ्यांना नावंही त्यांनीच द्यावीत. तुम्ही मधे बोलू नका. दुकानात माल धातूप्रमाणे लावलेला असतो; घरचा माणूस ‘स्वयंपाक’, ‘पूजा’, ‘आहेर’ असा विचार करतो. समई कुणी पूजेत ठेवेल, कुणी दिव्यांत. मग दोन्हीकडून वाट द्या, पण समईचं पान एकच ठेवा.

नवा मेनू चित्रांशिवाय, नुसता कागदावर लिहून तपासा. इथे हमखास चूक होते ती प्रश्नात. ‘कल्हई करायची आहे, कुठे जाल?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच दिलंत. ‘पितळी पातेल्यात आमटी कळकते, आता कुठे बघाल?’ असं विचारा. बोट आधी कुठे जातं, ते टिपून ठेवा.

मोबाइलवर सगळा मेनू तीन आडव्या रेघांमागे लपवू नका. लपलेलं कमी उघडलं जातं. ‘भांडी’, ‘कल्हई’, ‘वेळ-पत्ता’ आणि ‘फोन’ कायम दिसू द्या. २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) प्रमाणे बटण किमान २४ बाय २४ पिक्सेल चालतं, पण अंगठ्यासाठी ४४ बरं.

पानांचे पत्ते बदललेत तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट (आपोआप नव्या पानावर नेणारी कायमची सोय) लावायला सांगा, नाहीतर व्हॉट्सॲपवर आधी पाठवलेल्या लिंका ‘पान सापडलं नाही’ म्हणतील.

प्रश्न : कुठलीही गोष्ट तीन क्लिकांत मिळालीच पाहिजे, हे खरं का?

उत्तर : नाही. पुढच्या पायरीवर काय मिळणार हे कळत असेल तर माणूस पाचव्या क्लिकलाही कंटाळत नाही. संदिग्ध नावापाशी तो पहिल्याच क्लिकला अडतो.