उणे दहावर न उतरणारा कॅमेरा

प्रश्न : माझ्याकडे पेल्टियरने (वीज दिली की उष्णता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ढकलणाऱ्या चकतीने) थंड होणारा रंगीत खगोल-कॅमेरा आहे. डिसेंबरात गच्चीवरून छायाचित्रे घेताना तो काही मिनिटांतच उणे १० अंशांवर येत असे. एप्रिलमध्ये मात्र कूलरची शक्ती १०० टक्क्यांवर जाऊनही तापमान शून्याच्या वर २-३ अंशांभोवती घुटमळते, आणि डिसेंबरात घेतलेल्या डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली काळी चित्रे) वजा केल्या तरी चित्रात ठिपके उरतात. पेल्टियर खराब झाला असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पेल्टियरवर संशय घेण्याआधी एक वजाबाकी करून पाहावी. हे कॅमेरे भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच खाली उतरू शकतात. हौशी निरीक्षकांकडील बऱ्याच कॅमेऱ्यांत हा फरक ३५ अंशांच्या आसपास असतो. हिवाळ्यातील रात्री हवा १२ अंशांवर असेल, तर उणे १० गाठण्यासाठी २२ अंशांची उतरण पुरते. पण दिवसभर तापलेल्या गच्चीवर एप्रिलमध्ये हवा ३० अंशांची असेल, तर त्याच आकड्यासाठी ४० अंश उतरावे लागते, आणि ते आवाक्याबाहेरचे आहे. तरीही ३० मधून ३५ गेल्यावर उणे ५ उरायला हवेत. आपला कॅमेरा त्याच्याही सात-आठ अंश वर अडतो आहे, तेव्हा खरा शोध तेवढ्याचाच घ्यायचा आहे.

पहिला संशयित वीजपुरवठा. यूएसबीच्या तारेवर सेन्सर चालतो. कूलरला वेगळे १२ व्होल्ट लागतात आणि पूर्ण शक्तीवर तो ३ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. गच्चीपर्यंत ओढलेल्या लांब, बारीक तारेचा जाण्यायेण्याचा रोध मिळून अर्धा ओहम जरी असला, तरी ३ अँपिअरला दीड व्होल्ट तारेतच संपतो. मग कॅमेऱ्यापाशी साडेदहा व्होल्टच पोहोचतात आणि पेल्टियरला मिळणारी विद्युतशक्ती जवळपास पाव भागाने घटते, पण पडद्यावर मात्र १०० टक्केच दिसत राहतात. म्हणून मल्टिमीटरने मोजायचे ते कूलर पूर्ण भारावर चालू असताना आणि तारेच्या कॅमेऱ्याकडील टोकाला. भार नसताना बहुतेक अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट छान दाखवतात आणि आपल्याला फसवतात.

दुसरा संशयित पंखा. पेल्टियर उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त सेन्सरकडून मागच्या हीट सिंककडे (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाकडे) ढकलतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालतो. तिथून ती बाहेर पडली नाही, तर थंड बाजूही तापू लागते. हवा बाहेर पडते त्या फटीपाशी कागदाची पातळ पट्टी धरावी; ती फडफडली नाही, तर पंखा अडला आहे किंवा पात्यांत धूळ बसली आहे. माझ्या कॅमेऱ्यात एकदा कोळ्याने जाळे विणले होते आणि मी दोन रात्री सॉफ्टवेअरला दोष देत बसलो होतो.

ठिपक्यांचे कारण मात्र आपल्या प्रश्नातच आहे. सेन्सरचा अंधारप्रवाह, म्हणजे उजेड नसतानाही उष्णतेमुळे जमणारा संकेत, साधारण दर ६-७ अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे उणे १० च्या डार्क फ्रेम अधिक ३ अंशांच्या चित्रांना लागू पडत नाहीत. शिवाय कूलर १०० टक्क्यांवर असला की तापमान धरून ठेवायला त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही आणि ते हवेबरोबर वरखाली होते. उन्हाळ्यात शून्य किंवा अधिक ५ असे तापमान निवडावे, जिथे शक्ती ७०-८० टक्क्यांच्या आत राहील, आणि त्याच तापमानाच्या, त्याच गेनच्या (संकेत वाढवण्याच्या पातळीच्या) व तितक्याच वेळाच्या डार्क फ्रेम नव्याने घ्याव्यात. शहराच्या उजळ आकाशाखाली नव्या सीमॉस सेन्सरला उणे १० चा हट्ट धरून फारसे काही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पावसाळाभर कपाटात ठेवलेला कॅमेरा ऑक्टोबरात काढला. थंड केल्यावर अर्ध्या तासाने चित्राच्या मध्यभागी धुरकट डाग येतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कूलर चालू असतानाच कॅमेरा दुर्बिणीवरून उतरवून विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहावा. ओलावा बाहेरच्या काचेवर असेल आणि मऊ कापडाने पुसला जात असेल, तर काचेचा हीटर चालू करावा किंवा सेन्सर थोडा कमी थंड ठेवावा. आत सेन्सरवर बारीक स्फटिक दिसत असतील, तर कप्प्यातील हवेत बाष्प शिरले आहे. तेव्हा कूलर बंद करून कॅमेरा खोलीच्या तापमानावर येऊ द्यावा, आणि मगच, शक्यतो वातानुकूलित खोलीत, ओलावा शोषणाऱ्या गोळ्या बाहेर काढाव्यात. त्या किती तापवून सुकवायच्या हे कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण शोषकाच्या प्रकारानुसार ते बदलते. गोळ्या सुकवूनही डाग आठवड्याभरात परत आला, तर कप्पा हवाबंद ठेवणारे रबरी कडे बदलून घ्यावे.