28 मिमीच्या झुलू सैनिकांची त्वचा आणि ढाली कशा रंगवाव्यात? टेरेन आफ्रिकेसारखं कसं दिसेल?

तुम्ही लिहिलंय की 1879 च्या इंग्रज-झुलू युद्धाचा खेळ टेबलावर मांडायला 28 मिमी उंचीच्या छोट्या फिगरचे झुलू आणि ब्रिटिशांची 24 वी पलटण, असे दोन्ही संच घेतलेत. आता त्वचा, ढाली आणि ‘आफ्रिकेसारखं’ टेरेन, म्हणजे टेबलावरचा डोंगर-माळ, हवंय. ब्रश उचलण्याआधी लढाई आणि महिना ठरवा, असं मी आग्रहाने सांगेन. बाकीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

इसांडल्वानाची लढाई 22 जानेवारी 1879 ची. तिकडे जानेवारी म्हणजे उन्हाळा, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडात पाऊसही याच दिवसांत पडतो. म्हणजे गवत हिरवं आणि वाढलेलं. उलुंडीची लढाई त्याच वर्षी 4 जुलैला झाली, ऐन कोरड्या हिवाळ्यात; तेव्हा गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. कोरफडीसारख्या अ‍ॅलोची केशरी-लाल फुलंही हिवाळ्यातलीच, त्यामुळे ती उलुंडीच्या टेबलावर शोभतील, इसांडल्वानाच्या नाही. युद्ध एकच, पण टेबलं दोन. तरीही आफ्रिका म्हटलं की सरसकट वाळकं पिवळं गवत चिकटवलं जातं, ते मला फार खटकतं.

मी इसांडल्वाना धरून सांगतो.

त्वचेसाठी काळा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) नको, गडद तपकिरी घ्या. कॅमलच्या अ‍ॅक्रिलिकमधला बर्न्ट अंबर आणि त्यात थोडा बर्न्ट सिएना हा मूळ रंग. उजळ भागांसाठी पांढरा अजिबात मिसळू नका, त्याने कातडी राखुंडी आणि निर्जीव दिसते. त्याऐवजी सिएनात यलो ऑकर मिसळा आणि गाल, नाकाचा शेंडा, खांदे, छाती, गुडघे यांवर पातळ थर द्या. सावल्यांना अंबरमध्ये किंचित अल्ट्रामरीन पुरतो. तळहात जरा फिके ठेवा. मूळ रंगाच्या दोन-तीन छटा करून आळीपाळीने वापरल्या की समोर वेगवेगळी माणसं उभी आहेत असं वाटतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गर्दी रंगवायची असली तरी प्रत्येक चेहऱ्याला त्याचा वेळ द्यावा.

आता ढाली. झुलू सैन्याची खरी ओळख तिथे आहे. ढालीचं कातडं राजाच्या खिल्लारातलं असे, आणि पथकागणिक रंग ठरलेला असे: तरुण पथकांच्या ढाली काळ्या-तांबड्याकडे झुकणाऱ्या, वयस्क विवाहितांच्या पांढऱ्याकडे. 1879 पर्यंत ही शिस्त बरीच सैल झाली होती, म्हणून एकाच पथकात थोडी सरमिसळ खुशाल ठेवा. आकारही दोन होते, जुनी मोठी इसिहलांगू आणि झुलू राजा सेट्श्वायोच्या काळात आलेली लहान, हलकी उमभुंबुलुझो.

बांडी किंवा कबरी ढाल रंगवताना ठिपक्यांची कड गुळगुळीत ठेवू नका. ते कातडं केसाळ आहे. बारीक ब्रशने कडेवर केसांच्या दिशेने छोटे छोटे फटकारे मारा, म्हणजे काळा डाग पांढऱ्यात शिरल्यासारखा दिसतो. पांढरा म्हणजे तरी ट्यूबमधला शुभ्र नव्हे, ढवळ्या बैलासारखा किंचित पिवळसर. मधल्या काठीच्या दोन्ही बाजूंना कातड्याच्या पट्ट्या ओवलेल्या असतात. त्यांच्या आडव्या रेघांच्या दोन उभ्या ओळी ढालीच्या विरुद्ध रंगात काढा. मागची बाजू कच्च्या कातड्याची, फिकट बदामी.

पिसं आणि शेपट्यांचा पूर्ण साज समारंभासाठी असे. लढाईला जाताना त्यातला बराचसा घरीच राहायचा, तेव्हा ज्या फिगर साध्या कंबरवस्त्रात आहेत त्याच जास्त घ्या. विवाहित पुरुषांच्या डोक्यावरचं इसिकोको हे कडं मात्र नीट पाहा. इसांडल्वानाला लढलेल्या इन्गोबामाखोसी पथकातली पोरं तरुण, त्यांना ते नसे. रोर्क्स ड्रिफ्ट या जवळच्या ब्रिटिश ठाण्यावर चालून गेलेले उथुल्वाना चाळिशीतले गृहस्थ. त्यांना कडं हवंच आणि ढालीही पांढऱ्या.

ब्रिटिशांचं थोडक्यात: 24 व्या पलटणीच्या लाल कोटाची कॉलर आणि बाह्यांची टोकं हिरवी, आणि पांढरी हेल्मेट चहाने डागाळून तपकिरी केलेली. त्यांच्या बाजूने लढणाऱ्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीतल्या स्थानिक तुकडीच्या डोक्याला ओळखीसाठी लाल फडकं बांधा.

टेरेनमध्ये डोंगर टेबलाच्या कडेला घ्या. दिवाळीच्या किल्ल्याला मातीत बुडवलेलं पोतं पांघरतो, तसं इथे थर्मोकोलच्या थरांवर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड पांघरायचं. कड्यांना झाडाची जाड, वाळलेली साल उभी चिकटवा. थर्मोकोल कुठेही उघडा ठेवून स्प्रे मारू नका, तो विरघळतो. डोंगराइतकीच गरज घळीची आहे. पावसाने कापलेल्या, उभ्या काठांच्या लालसर तपकिरी घळी त्या माळावर आहेत आणि ब्रिटिश अधिकारी डर्नफर्डच्या माणसांनी त्यातल्याच एकीत काही वेळ झुलूंची डावी फळी रोखून धरली होती. ती टेबलावर नसेल तर खेळच बदलतो. गवताला हिरवा स्टॅटिक ग्रास (कृत्रिम गवताचे बारीक तंतू) आणि मधूनमधून काथ्याचे हिरवे रंगवलेले झुबके. 28 मिमीच्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत म्हणजे साधारण 7-8 मिमी.

झुलू वस्तीतल्या झोपड्या घुमटाकार असतात. त्यासाठी नारळाची अर्धी करवंटी घ्या, या मापाला ती मोठ्या झोपडीएवढी भरते. वरून बारीक कापलेला काथ्या फेव्हिकॉलने चिकटवा, त्यावर सुतळीच्या धाग्यांची जाळी ओढा आणि दार अगदी ठेंगणं कापा, कारण आत वाकून, रांगतच शिरावं लागे. नवं गवत पिवळसर, जुनं करडं, त्यामुळे शेजारच्या दोन झोपड्याही एकसारख्या रंगवू नका.

तुम्ही मुंबई-कोकणाकडे असाल तर जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर आणि वॉर्निश टाळा, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते. त्या महिन्यांत दोन्ही ब्रशनेच लावा. वॉर्निश सगळीकडे मॅट, आणि ते पूर्ण वाळल्यावर फक्त इसिकोकोवर ग्लॉसचा एक थेंब, कारण ते कडं घासून चकचकीत ठेवलेलं असे.