वाचक विचारतात : गॅस बॉयलरची वायरिंग आणि मोड

प्रश्न : आमचा व्यावसायिक गॅस बॉयलर मेन सप्लायवर बिनतक्रार चालतो. जनरेटरवर घेतला की स्पार्क पडतो, ज्योत पेटते आणि काही सेकंदांत लॉकआउट, म्हणजे बॉयलर स्वतःहून बंद! गॅसचा दाब व्यवस्थित आहे. कंट्रोल बोर्ड बदलावा का?

उत्तर : एवढ्यात नको. ज्योत पेटते, पण बोर्डाला ती कळत नाही. बोर्ड फ्लेम रॉडला (ज्योत ओळखणाऱ्या धातूच्या सळईला) एसी व्होल्टेज देतो. ज्योतीतल्या आयनांमुळे करंट वाहतो आणि रॉड लहान, बर्नर मोठा असल्याने तो मुख्यतः एकाच दिशेने जातो. हा डीसी करंट जेमतेम काही मायक्रोअँपिअरचा. बर्नरच्या धातूतून तो अर्थला येतो आणि बऱ्याच बोर्डांत न्यूट्रलच्या वाटेने परततो. त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ मुळाशी, म्हणजे सप्लायच्या उगमापाशी, एकमेकांना जोडलेले लागतात. मेनवर ते बहुधा असतात. जनरेटरचा न्यूट्रल मोकळा सोडला असेल, तर ही वाट बंद.

जनरेटर चालू असताना बॉयलरच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापं घ्या. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं एखाद-दोन व्होल्ट असेल तर सप्लाय ठीक. 230 ऐवजी फेज-अर्थ निम्म्यावर आलं, तर न्यूट्रल तरंगतोय, म्हणजे अर्थला जोडलेला नाही. फेज-अर्थ शून्याजवळ आणि न्यूट्रल-अर्थ पूर्ण दिसलं, तर चेंजओव्हरमध्ये (मेन-जनरेटर बदलणाऱ्या स्विचमध्ये) तारा उलट्या बसल्यात.

न्यूट्रल तरंगत असेल तर बाँड (न्यूट्रल-अर्थची जोडणी) जनरेटरपाशीच, एकाच ठिकाणी, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्याआधी चेंजओव्हर स्विच बघा : तो न्यूट्रलही तोडत असेल तरच जनरेटरला वेगळा बाँड लागतो. न्यूट्रल कायम जोडलेला राहत असेल तर दुसरा बाँड करू नका. केल्यास न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून फिरू लागतो. बॉयलरच्या आत न्यूट्रल-अर्थ जोडण्याचा ‘जुगाड’ मात्र कोणीही सुचवला तरी ऐकू नका.

मेनवरही अधूनमधून लॉकआउट होऊ लागला तर रॉडच्या वायरीत सिरीजमध्ये मायक्रोअँपिअर मीटर लावून करंट मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान आकड्याशी ताडून पाहा. कमी भरला तर रॉडवरची काजळी, त्याच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरला गेलेली चीर, बर्नरचा सैल अर्थ, या क्रमाने शोधा.

प्रश्न : बिल्डिंग कंट्रोलरमधून बॉयलरला 0-10 व्होल्टचा सिग्नल दिलाय. 5 व्होल्टला 50 अंश अपेक्षित होते, पण पाणी तापतच जातं आणि बॉयलर कमाल तापमानाच्या लिमिटवर बंद पडतो.

उत्तर : बॉयलर बहुधा पॉवर मोडमध्ये आहे. त्या मोडमध्ये 5 व्होल्ट म्हणजे बर्नर साधारण निम्म्या ताकदीवर. पाणी किती तापलं हे बघणं कंट्रोलरचं काम. तापमान मोडमध्ये तेच 5 व्होल्ट सेटपॉइंट (पाण्याचं ठरवलेलं तापमान) ठरतात, आणि तो 50 अंश येईल की नाही हे स्केलवर अवलंबून. स्केल 0 ते 100 असेल तर 50, 20 ते 90 असेल तर 55. इन्स्टॉलर मेन्यूत मोड आणि स्केल दोन्ही तपासा. काही बॉयलर ठरावीक किमान व्होल्टेजखाली बर्नर बंदच ठेवतात, त्याला बिघाड समजू नका.

सिग्नल केबल शील्डेड (धातूचं आवरण असलेली) घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. व्होल्टेज मोजायचं ते बॉयलरच्या टर्मिनलवर, वायर जोडलेली असताना.

प्रश्न : टाइम स्विचने बॉयलरचा मेन सप्लायच बंद-चालू केला तर चालेल का?

उत्तर : नाही. बर्नर विझल्यावरही पंप काही मिनिटं फिरून एक्स्चेंजरमधली उष्णता बाहेर काढतो. सप्लाय तोडला तर पाणी तिथेच उकळू शकतं. टाइम स्विचचा कोरडा (स्वतः व्होल्टेज न देणारा) काँटॅक्ट रूम थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर द्या. ते टर्मिनल व्होल्टविरहित असतील आणि तुमच्या स्विचमधून 230 व्होल्ट बाहेर येत असतील, तर मध्ये रिले हवाच, नाहीतर बोर्ड जळेल. मोठा पंपही बोर्डाच्या आउटपुटवर थेट न लावता काँटॅक्टरमधून (जड करंटच्या रिलेमधून) चालवा.