फोंड्यात राहतो, खोली लहान, बजेट पंधरा हजार. जुने हाय-फाय स्पीकर घेताना काय बघू?

बुकशेल्फ, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या लहान स्पीकरची जोडीच घ्या. व्हार्फडेल डायमंड किंवा कोलकात्याच्या सोनोडाइनची जुनी जोडी दिसली तर आधी ती ऐका.

आपल्याकडे स्पीकरची वाट लावतो तो पावसाळा. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरच्या कोनभोवतीची (हलणाऱ्या शंकूभोवतीची) कडा फोमची असेल तर हलकेच बोट लावा. चिकट लागली किंवा भुगा हाताला आला तर ती गेलीच. रबराची कडा कितीतरी जास्त टिकते. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो हळू, सरळ आत दाबा. खरखर आली म्हणजे व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासतेय, सोडून द्या. पेटीचा तळही तपासा: ओल लागून फुगलेलं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) पुन्हा बसत नाही. टर्मिनलवरचा, म्हणजे मागे वायर जोडतात तिथला हिरवा थर मात्र साफ होतो, त्यावरून खुशाल भाव पाडा.

ओळखीचं गाणं मोनोवर (दोन्ही स्पीकरना एकच आवाज) लावून बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवा. आवाज सारखाच यायला हवा. ट्वीटरजवळ, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या लहान ड्रायव्हरजवळ कान न्या, तो बंद असला तरी लांबून पटकन कळत नाही. अँप (अँप्लिफायर) लहान असेल तर स्पीकर ८ ओहमचे आणि ८८ डेसिबलच्या वरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर किती मोठा आवाज येतो ते) बघा. कुरिअरने मागवू नका. म्हापसा असो की मडगाव, स्वतः जाऊन ऐका.