मग डॉक्टर बदलायचे का?

‘डॉक्टरांचे म्हणणे आम्हांला पटत नाही, मग डॉक्टर बदलायचे का?’ हा प्रश्न नुकतेच आईबाप झालेल्या जोडप्यांकडून मला वारंवार ऐकायला मिळतो. त्याचे उत्तर एका शब्दात देण्याचे मी का टाळते, हे एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाळ सिझेरियनने जन्मले तेव्हा त्याचे वजन ३ किलो १०० ग्रॅम होते. पाचव्या दिवशी ते २ किलो ८२० ग्रॅम भरले, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी ‘वरचे दूध सुरू करा’ एवढेच सांगितले. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच, हे बाबांनी वाचलेले होते आणि ते खरेही होते. त्यांनी तसे बोलून दाखवल्यावर डॉक्टर वैतागले, ‘मग इथे कशाला आलात?’ असे म्हणाले, आणि बाबा चिठ्ठी न घेताच उठले. घरी आजींनी मधाचे बोट चाटवायचे सुचवले. त्याच संध्याकाळी बाबा एकटेच माझ्याकडे आले आणि अर्धा तास डॉक्टरांविषयीच बोलत राहिले.

मी त्यांना थांबवून आधी आईला फोन लावायला सांगितले. मी डॉक्टर नाही. परंतु बाळंतिणींशी बोलताना एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही, तो म्हणजे गेल्या चोवीस तासांत बाळाचे लंगोट किती वेळा ओले झाले. पाचव्या दिवसापासून ते साधारण सहा किंवा अधिक वेळा व्हायला हवेत. आई जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘चार वेळा. आणि शू गडद पिवळी होते आहे.’ ही गोष्ट बाबांना ठाऊकच नव्हती.

पुढे तिने जे सांगितले त्यातच या भांडणाचे मूळ होते. ‘वरचे दूध’ हे शब्द कानी पडताच तिला ‘तुझे दूध कमी पडते आहे’ असेच ऐकू आले होते. नवरा तिच्या बाजूने डॉक्टरांशी भांडत होता खरा, पण तिला काय वाटते हे त्याने विचारलेच नव्हते, आणि तो इतक्या हिरिरीने आपली बाजू घेत असताना ‘मला मात्र डॉक्टरांचे थोडे पटते आहे’ असे म्हणण्याचा धीर तिला होत नव्हता. डॉक्टरांशी झालेल्या मतभेदाआड नवराबायकोंतला न बोललेला मतभेद दडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. (आजींचा मध हा तिसरा पक्ष, त्याबाबत मात्र मी तिथल्या तिथे स्पष्ट सांगितले, कारण एक वर्षापर्यंत बाळाला मध देणे बोटुलिझम या जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराच्या धोक्यामुळे टाळायचे असते.)

वजनातील घट सुमारे ९ टक्के होती. सात ते दहा टक्के घट पुष्कळ बाळांत दिसते, त्यामुळे बाबांचे वाचन चुकीचे नव्हते. पण बाळ त्या मर्यादेच्या वरच्या टोकाशी होते आणि लंगोट कमी ओले होत होते, त्यामुळे डॉक्टरांची काळजीही अनाठायी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच जायचे, बाळ सुस्त वाटले किंवा अंगावर प्यायला तयार नसेल तर सकाळचीही वाट पाहायची नाही, असे आमचे ठरले. काय विचारायचे तेही कागदावर लिहिले: वरचे दूध किती, किती दिवस, कोणत्या वजनाला थांबवायचे, आणि बाळ अंगावर नीट पिते आहे का हे कोणी समोर बसून पाहील का? ‘तुमचे चुकते’ असा सूर त्यांतल्या एकाही प्रश्नात येऊ द्यायचा नाही, यावर मी अडून बसले.

सकाळी प्रश्न आईनेच विचारले. डॉक्टरांचा स्वर फारसा निवळला नाही, पण त्यांनी परिचारिकेला बोलावले, आणि बाळ केवळ बोंडच तोंडात धरते, त्यामागचा काळसर भाग घेत नाही, हे दोन मिनिटांत लक्षात आले. दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजायचे, त्यानंतर दूध काढून बोंडल्याने द्यायचे, आणि तेही अपुरे पडले तरच पावडरचे, असे दोन दिवसांपुरते ठरले. पहिल्या दिवशी पावडरचे दूध दोनदा द्यावे लागले, आणि तेव्हा आई रडली. सातव्या दिवशी वजन २ किलो ८८० ग्रॅम होते. पंधराव्या दिवशी ते जन्माच्या वजनाच्या किंचित पुढे गेले.

कावीळ वाढत असेल किंवा तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर मी असे प्रश्न लिहीत बसत नाही. तेव्हा आधी उपचार आणि वाद नंतर, एवढेच सांगते.

त्या जोडप्याने सहा आठवड्यांच्या लसीकरणासाठी घराजवळचे दुसरे डॉक्टर निवडले, कारण पहिल्यांचे तुसडे बोलणे आईला सोसवत नव्हते. तोवर वजनाचा वाद उरला नव्हता, आणि हा निर्णय तिने स्वतः घेतला होता.