बंधाऱ्याचा ठराव करण्याआधी

प्रश्न : वाडीपुढची पुळण (वाळूचा किनारा) दर पावसाळ्यात खचते. समुद्र अडवायला दगडी बंधारा बांधण्याचा ठराव ग्रामसभेत करावा का?

उत्तर : घाई नको. पावसाळी लाटा ओढून नेतात ती वाळू फार लांब जात नाही. उथळ पाण्यात थांबते आणि दिवाळीनंतर बरीचशी परत येते. म्हणून ऑगस्टमधले फोटो पुरावा ठरत नाहीत. दरवर्षी मे महिन्यात एकाच पक्क्या खुणेपासून पुळणीची रुंदी मोजा. ती सलग घटत असेल तर धूप खरी, आणि मग पहिला संशय वाळूउपशावर घ्या. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या पाहणीत महाराष्ट्राचा साधारण पाव किनारा धुपणारा निघाला. म्हणजे बंधारा सगळ्यांनाच लागतो असं नाही.

प्रश्न : शेजारच्या वाडीत दगडी बंधारा झाला आणि आमचे माड पडू लागले. योगायोग म्हणायचा का?

उत्तर : बहुधा नाही. वाळू किनाऱ्याच्या कडेने सतत सरकत असते. बंधाऱ्यामागची वाळू त्या प्रवासातून बाद होते, शिवाय दगडावर आपटून परतणारी लाट पायथा उकरते. हा तोटा बंधारा संपतो तिथे वसूल होतो. मग तुम्हालाही बंधारा, तुमच्या पुढच्यांनाही. ठेकेदारांची मात्र चांदी! बंधारा मागचं घर वाचवतो, पुढची पुळण नाही. रत्नागिरीच्या मिऱ्यासारखी वस्ती थेट माऱ्यात असेल तर तो लागतोच. पण बंदरांची कामं पाहणाऱ्या पतन विभागाकडे किंवा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे मागणी करताना दोन्ही वाड्यांचा एकत्र आराखडा मागा.

प्रश्न : खाडीकाठच्या बांधाला खांड (भगदाड) पडून भातशेतीत खारं पाणी शिरलं. काय करावं?

उत्तर : खांड भांगाच्या दिवसांतच, म्हणजे भरती कमी चढते तेव्हाच बुजवा, पुढच्या उधाणात (मोठ्या भरतीत) ती आणखी वाढते. उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराची, झडपही तपासा. बांध सरकारी योजनेतला असेल तर दुरुस्ती खारभूमी विकास विभागाची. मीठ धुऊन जायला काही पावसाळे लागतात. तोवर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या खारं सोसणाऱ्या ‘पनवेल’ भातजाती लावून पाहा.

प्रश्न : जमीन समुद्रात गेली. भरपाई मिळेल का?

उत्तर : अवघड आहे. चक्रीवादळ, पूर केंद्र सरकारच्या आपत्ती-यादीत आहेत, किनाऱ्याची धूप नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये सुचवले, तेही नदीकाठ आणि समुद्रकाठ मिळून. जमीन वादळात गेली असेल तर लगेच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, आणि उरलेल्या क्षेत्राची भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी.